शेवटच्या बाकावर कोण बसणार?

पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांत अकरावी-बारावीचे वर्ग आणि बी.एस्सी.चे वर्ग एकाच आवारात भरतात. मी जिथे भौतिकशास्त्र शिकवले तिथे तर इमारतही एकच होती. बारावी तळमजल्यावर आणि तेरावी, म्हणजे बी.एस्सी.चे पहिले वर्ष, वरच्या मजल्यावर. मार्चमध्ये परीक्षा देऊन गेलेला मुलगा जुलैमध्ये एक जिना चढून वर बसायचा. खाली शिकवण्यासाठी मला नुसते एम.एस्सी. पुरले नाही, बी.एड. करावे लागले. पाठाची टाचणे काढली, सराव पाठ घेतले, निरीक्षकांचे शेरे झेलले. वर शिकवणाऱ्याला मात्र फळ्यासमोर एक तास उभे राहिल्याचाही अनुभव असण्याची अट नव्हती. आजही नाही. पहिलीच्या मुलांना शिकवायला पदविका आणि पात्रता परीक्षा हवी, अकरावीला बी.एड. हवे, आणि मुलगा एक जिना वर चढला की शिकवणे हे आपोआप येणारे काम होते!

हे सगळे पुन्हा आठवण्याचे कारण एक फोन. माझी एक जुनी विद्यार्थिनी इथल्याच एका संस्थेत पीएचडी करते. ती म्हणाली, "सर, सोमवारपासून पहिल्या वर्षाचे ट्युटोरियल घ्यायला सांगितले आहे. तीस मुले आहेत. काय करू?"

"तुला विभागात कोणी काही सांगितले का?"

"हो. खोलीचा नंबर सांगितला."

तिच्या विभागाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी असेच चालते. पण आता यासाठी नियम आहे, आणि तो नियम नीट वाचून पाहण्यासारखा आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक चांगली गोष्ट आली. पीएचडीला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाने, विषय कोणताही असो, आपल्या विषयाच्या अध्यापनाशी संबंधित अभ्यासक्रम श्रेयांकांसह पुरा करावा आणि प्रत्यक्ष शिकवण्याचे काही किमान तास भरावेत, असे त्यात म्हटले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएचडीचे नवे विनियम काढले. त्यात हा विचार एका छोट्या कलमात उतरला. संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाशी संबंधित अध्यापन, शिक्षणशास्त्र किंवा लेखन यांचे प्रशिक्षण घेणे आवश्यक आहे. शिवाय ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापन यांसाठी त्याला आठवड्याला चार ते सहा तासांचे काम देता येईल.

या कलमाचे स्वागतच केले पाहिजे. महाविद्यालयात शिकवणे हेही शिकावे लागते, ही गोष्ट पीएचडीच्या नियमात लिहिली गेली. आता शब्दांकडे पाहू. धोरणात शिकवण्याचे किमान तास होते. विनियमात ते "देता येईल" झाले. प्रशिक्षण आवश्यक आहे, पण किती, कोणाकडून आणि कशाच्या आधारे पुरे झाले असे मानायचे, याबद्दल कलम गप्प आहे. अध्यापन आणि लेखन एकाच यादीत बसवल्यामुळे शोधनिबंध कसा लिहावा यावर दोन व्याख्याने ठेवली तरी कलमाचे पालन झाले असे म्हणता येते. संशोधनाच्या नीतिमत्तेशी याची तुलना करून पाहा. त्या विषयाचा दोन श्रेयांकांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आयोगाने आखून दिला, त्यातले घटक ठरवले आणि तो सर्वांना सक्तीचा केला. ज्या गोष्टीची खरी काळजी वाटते ती कशी लिहायची, हे आयोगाला माहीत आहे.

नोकरीच्या दाराशीही फारसे वेगळे चित्र नाही. सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही परीक्षा लागते. महाराष्ट्राची सेट परीक्षा आपले पुणे विद्यापीठच १९९५ पासून घेते. तिच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न असतात आणि दुसऱ्यात, म्हणजे विषयाच्या पेपरात, १००. पहिल्या पेपराचे दहा घटक आहेत आणि अध्यापन अभियोग्यता हा त्यांतला एक. प्रत्येक घटकावर पाच प्रश्न, म्हणजे दीडशे प्रश्नांत शिकवण्याबद्दलचे पाच! तेही चार पर्यायांतून एक निवडण्याचे. पोहायला येते का हे पाहण्यासाठी तलावाचे क्षेत्रफळ विचारावे, तसे हे वाटते. परीक्षेचा दोष एवढाच की तिच्याकडून जे होण्यासारखे नाही ते होते असे आपण धरून चाललो आहोत.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. ज्याला विषय पक्का येतो त्याला शिकवता येतेच, उगाच शिक्षणशास्त्राचे स्तोम नको. हे उत्तर देणाऱ्यांत माझे काही आदरणीय शिक्षकही आहेत. म्हणून ते झटकून न टाकता तपासून पाहू. त्यासाठी टॉर्चचे पाच एकसारखे बल्ब आणि तीन एकसारखे नवे सेल लागतील. तारेचेच बल्ब हवेत, एलईडी चालणार नाहीत. तपकीर गल्लीत शोधले तर अजून मिळतात.

पहिल्या सेलला एकच बल्ब जोडा. त्याला अ म्हणू. दुसऱ्या सेलला ब आणि क हे दोन बल्ब एकसर जोडा. तिसऱ्या सेलला ड आणि इ समांतर जोडा. आता सेल न जोडता, केवळ आकृतीवरून, पाचही बल्ब प्रखरतेच्या क्रमाने लावा. सेलचा अंतर्गत रोध नाही असे समजा. आकडेमोड करायची नाही, फक्त कारण द्यायचे.

उत्तर असे: अ, ड आणि इ सारखेच प्रखर. ब आणि क आपापसांत सारखे, पण त्या तिघांपेक्षा मंद. (प्रत्यक्ष प्रयोगात ड आणि इ किंचित मंद दिसले तर दोष सेलच्या अंतर्गत रोधाचा.) अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमट आणि पीटर शॅफर यांनी हाच प्रश्न वीजमंडले शिकून झालेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारला. त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. बरोबर क्रम लावणारे होते सुमारे १५ टक्के. ही मुले किरचॉफचे नियम लावून गणिते सोडवू शकत होती. त्यांच्या चुका मात्र आपल्या सातवी-आठवीच्या वर्गात ऐकू येतात त्याच होत्या. कोणाला वाटे, पहिला बल्ब थोडी धारा 'खातो', म्हणून ब हा क पेक्षा प्रखर. कोणाला वाटे, सेलमधून दर वेळी ठरावीकच धारा निघते. ती ड आणि इ मध्ये वाटली जाते, म्हणून ते दोघे अ पेक्षा मंद.

शिकवणाऱ्याला कोणते ज्ञान लागते, हा प्रश्न इथे उभा राहतो. उत्तर माहीत असणे हे एक ज्ञान. मुलांची चूक कुठून येते आणि ती उघडी पाडायला कोणता प्रश्न विचारायचा, हे दुसरे. पहिले एम.एस्सी.त मिळते. दुसरे पाठ्यपुस्तकात नसते. ते मुलांच्या उत्तरपत्रिकांत आणि वर्गातल्या कुजबुजीत असते, आणि कोणी दाखवून दिले नाही तर ते हाती यायला दहा-पंधरा वर्षे जातात. तोवर दहा-पंधरा तुकड्या वर्गातून निघून जातात.

मॅकडरमट यांच्या गटाने ट्युटोरियल घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दर आठवड्याला एक बैठक ठेवली होती. तिथे भाषण नसे. मुलांना जी पूर्वचाचणी द्यायची तीच आधी या शिकवणाऱ्यांनी सोडवायची. मग मुलांची उत्तरे वाचायची आणि त्यांना कोणते प्रश्न विचारता येतील यावर बोलायचे. स्वतः पूर्वचाचणीत अडखळलेला शिकवणारा नंतर वर्गात वेगळ्या सुरात बोलतो, हे कोणीही सांगू शकेल.

दुसरे उदाहरण कॅनडातले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या दोन मोठ्या तुकड्या होत्या, प्रत्येकी अडीचशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या. एका आठवड्यासाठी एक तुकडी अनुभवी, विद्यार्थीप्रिय प्राध्यापकाने नेहमीप्रमाणे व्याख्याने देऊन शिकवली. दुसरी नुकतीच पीएचडी झालेल्या एका संशोधकाने आणि त्याच्या मदतीला असलेल्या एका विद्यार्थिनीने शिकवली. दोघांना वर्ग घेण्याचा अनुभव अगदी थोडा, पण प्रश्न, गटचर्चा आणि तत्काळ प्रतिसाद या पद्धतीचे प्रशिक्षण मिळालेले. आठवड्याच्या शेवटी दोन्ही तुकड्यांना एकच चाचणी दिली. प्राध्यापकांच्या तुकडीची सरासरी ४१ टक्के आली, नवख्यांच्या तुकडीची ७४. डेलोरिये, शेलू आणि नोबेल विजेते कार्ल वीमन यांचा हा लेख २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. हा प्रयोग एकाच आठवड्याचा होता, नावीन्यामुळेही मुले जागी झाली असतील, आणि महिन्याने किती टिकले हे त्यातून कळत नाही. एवढी वजाबाकी करूनही 'विषय येतो म्हणजे शिकवता येते' या म्हणण्याला ४१ आणि ७४ मधले अंतर पचवणे जड जाते.

मग संशोधक विद्यार्थ्यांना बी.एड.च करायला लावावे का? माझे मत नाही असे आहे. आपण शिक्षक मंडळी बी.एड.ची थट्टा करतो ती काही उगाच नाही. आदल्या रात्री उतरवलेली टाचणे, सजवलेले तक्ते, आणि शेवटची दहा मिनिटे येऊन 'फलकलेखन चांगले, आवाज वाढवा' असा शेरा मारून सही करणारे निरीक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण त्या सगळ्या सोपस्कारात एक मोलाची गोष्ट होती. मागे कोणीतरी बसलेले असे. सूक्ष्म अध्यापनाचे छत्तीस मिनिटांचे चक्र आठवून पाहा: सहा मिनिटे शिकवा, सहा मिनिटे ऐकून घ्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधा, सहा मिनिटे पुन्हा शिकवा, सहा मिनिटे पुन्हा ऐका. १९६३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये जन्मलेली आणि आपल्याकडे या वेळापत्रकात बसवलेली ही युक्ती आपण घोकंपट्टीला लावली, हा युक्तीचा दोष नव्हे. छत्तीस मिनिटांतली बारा मिनिटे दुसऱ्याचे ऐकण्यात जातात, हेच त्यातले सार. आयोगाच्या कलमात शिकवणारा आहे, तास आहेत, मूल्यमापनही आहे. मागच्या बाकावर बसणारा माणूस तेवढा नाही.

खरे तर शिकता शिकता शिकवण्याची ही प्रथा पुण्याला नवी नाही. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून एकोणिसाव्या शतकात 'दक्षिणा फेलो' नेमले जात. स्वतःचा पुढचा अभ्यास करायचा आणि खालच्या वर्गांना शिकवायलाही मदत करायची, असे ते काम होते. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पण रानडे-भांडारकरांवरून पद्धत सिद्ध होत नाही. अशी माणसे कोणत्याही पद्धतीत तरून जातात. नियम करायचा तो उरलेल्यांसाठी.

आज पुण्यात साधनांची वाण नाही. पाषाणच्या 'आयसर'मध्ये विज्ञान व गणित शिक्षणाचे केंद्र आहे. ब्रिटनमधल्या शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या सहकार्याने तिथे पदवीच्या विज्ञान शिक्षकांसाठी संशोधनावर आधारित अध्यापन साधनांच्या कार्यशाळा झाल्या. शिक्षकांनी तिथे स्वतः गटात बसून प्रश्न सोडवायचे आणि मग आपल्या वर्गासाठी पाठ बांधायचा. काम दिशेला धरून आहे. पण कार्यशाळेला येतो तो नोकरीत असलेला शिक्षक, म्हणजे ज्याची पद्धत बऱ्याच अंशी बसून गेली आहे असा. आयोगाची अध्यापक प्रशिक्षण केंद्रे १९८७ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा ती ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे होती, पुढे मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, २०२३ पासून त्यांना मालवीय यांचे नाव आहे. तिथेही नोकरी लागल्यावरच पाठवतात आणि पुष्कळदा बढतीसाठी लागते म्हणून. शिकवण्याच्या सवयी लागतात त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. ती वर्षे आपल्याकडे पीएचडी करत तासिका तत्त्वावर काढली जातात. सकाळी एका महाविद्यालयात दोन तास, दुपारी दुसऱ्या टोकाला दोन तास, मग प्रयोगशाळा. पगार तासांवर, सुट्टीत तोही नाही. अशा मुलाला 'तुझा वर्ग पाहायला येतो' म्हटले तर त्याला मदतीपेक्षा नोकरीची धास्ती आधी वाटेल. म्हणून पाहणारा हा नेमणूक करणारा असता कामा नये, हेही त्याच कलमात यायला हवे होते.

आता त्या सोमवारची हकीगत. मुलांना आधी सांगून आणि तिच्या परवानगीने मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. विषय वीजमंडलांचाच होता. तिने तीन गणिते फळ्यावर सुरेख सोडवली. अक्षर नीट, चिन्हांत कुठे चूक नाही. दर दोन ओळींनंतर ती विचारे, "समजलं ना?" आणि उत्तराला क्षणभरही न थांबता पुढे जाई. मी वहीत रेघा मारत गेलो, सतरा भरल्या. माझ्या शेजारी बसलेला मुलगा खेड्यातून मराठी माध्यमात शिकून आलेला होता. त्याने तिन्ही गणिते जशीच्या तशी उतरवून घेतली आणि समासात बारीक अक्षरात लिहिले, 'पोटेन्शियल ड्रॉप म्हणजे?' त्याला विभवांतर माहीत होते. दोन्ही शब्द एकदा शेजारी शेजारी फळ्यावर आले असते तर काम भागले असते. फळ्याकडे तोंड असलेल्या माणसाला हा समास दिसत नाही.

तास संपल्यावर आम्ही कँटीनमध्ये बसलो. मी शेरे वाचून दाखवले नाहीत. सतरा रेघा दाखवल्या आणि पाच बल्बांची आकृती कागदावर काढून दिली. तिने अ बरोबर लावला, ब-क ही बरोबर लावले, ड आणि इ पाशी मात्र थांबली. "अर्धी अर्धी धारा... नाही, थांबा सर," म्हणाली आणि हसली. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून १९७० च्या दशकात मांडलेली गोष्टही मी तिला सांगितली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात.

पुढच्या सोमवारी तिने गणित सोडवलेच नाही. आकृती काढली, चिठ्ठ्या वाटल्या आणि क्रम लिहायला सांगितला. बरोबर क्रम मोजक्याच चिठ्ठ्यांवर होता. मग तिने विचारले, "ड आणि इ मंद का?" आणि ती थांबली. वर्गातली ती शांतता मला मागे बसूनही जड वाटत होती. तिला किती जड गेली असेल! शेवटी माझ्या शेजारचाच मुलगा उठला. "मॅडम, सेलमधून दर वेळी तेवढीच धारा निघते ना?" तिने हो-नाही केले नाही. वर्गाकडे वळून म्हणाली, "याचं म्हणणं किती जणांना पटतं?" बरेच हात वर झाले. मग पिशवीतून सेल आणि बल्ब बाहेर निघाले.

निघताना तिने विचारले, "सर, पुढच्या सोमवारी याल ना?" मला महिनाभर तरी जमणार नव्हते. तिने विभागात विचारून पाहिले, कोणी पंधरा दिवसांतून एकदा मागे येऊन बसेल का. ट्युटोरियल व्यवस्थित चालू आहेत, तक्रार नाही, तेव्हा त्याची गरज दिसत नाही, असे तिला सांगण्यात आले.